भावंडांच्या संगीतातील एक स्वर : अजय गोगावले यांची सांगीतिक वाटचाल आणि लोकसंगीताचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात लोकप्रिय संगीताचे स्थान मोठे असले, तरी महाविद्यालयीन अभ्यासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. संतकाव्य, शाहिरी वाङ्मय, लावणी यांचा अभ्यास मराठी विभागांतून होतो. परंतु याच परंपरांचे सूर आणि ताल घेऊन आजच्या पिढीपर्यंत पोहोचलेली चित्रपटगीते मात्र 'करमणूक' या सदरात ढकलली जातात. बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही लग्नाच्या वरातीत, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गेल्या दोन दशकांत जी गाणी हमखास वाजली, त्यांत 'अजय-अतुल' या जोडनावाने प्रसिद्ध असलेल्या गोगावले बंधूंच्या गाण्यांचा वाटा मोठा आहे. जी गाणी विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत, ती कोठून आली, हे त्यांच्या प्राध्यापकांस ठाऊक असणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात या जोडीतील धाकटे बंधू, संगीतकार व गायक अजय गोगावले यांची वाटचाल केंद्रस्थानी ठेवली आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) अजय गोगावले यांच्या जडणघडणीचा व कारकिर्दीच्या टप्प्यांचा परिचय करून देणे.
२) भावंडांच्या जोडीत एका व्यक्तीचे कर्तृत्व कसे ओळखावे, या प्रश्नाचा विचार करणे.
३) लोकसंगीत लोकप्रिय संगीतात येताना काय मिळते व काय हरवते, याचा शोध घेणे.

भावंडांचे संगीत : संकल्पना

भावंडांनी एकत्र येऊन गाणे अथवा संगीत देणे ही गोष्ट जगाला नवी नाही. पाश्चात्त्य पॉप संगीतात गिब बंधूंचा 'बी जीज' आणि जॅक्सन बंधूंचा 'जॅक्सन फाइव्ह' हे संच विख्यात आहेत. हिंदी चित्रपटसृष्टीत कल्याणजी-आनंदजी, आनंद-मिलिंद, जतिन-ललित, साजिद-वाजिद अशा बंधूंच्या जोड्या होऊन गेल्या. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मंगेशकर भावंडांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. त्याचबरोबर प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांनी लोकगीते व भीमगीते यांच्या द्वारे खेड्यापाड्यांत मिळविलेली लोकप्रियताही विसरता येत नाही.

येथे 'पॉप' व 'बँड' या दोन शब्दांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. पाश्चात्त्य देशांत पॉप संगीत म्हणजे चित्रपटाबाहेर, ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे प्रसृत होणारे तरुणांचे संगीत होय. आपल्याकडे ही जागा प्रामुख्याने चित्रपटगीताने व्यापली आहे. त्यामुळे भारतीय संदर्भात लोकप्रिय चित्रपटगीतालाच पॉप संगीत समजणे अधिक योग्य ठरते. 'बँड' हा शब्द उच्चारताच आपल्या गावांत प्रथम आठवतो तो लग्नातला बँड. अजय-अतुल हे पाश्चात्त्य अर्थाने बँड नव्हेत, ती संगीतकारांची जोडी आहे. मात्र दोघेही गातात, दोघेही गीते लिहितात आणि रंगमंचावर मोठ्या वाद्यवृंदासह एकत्र उभे राहतात. या दृष्टीने भावंडांच्या बँडची बरीच लक्षणे या जोडीत आढळतात.

जडणघडण

अतुल गोगावले यांचा जन्म ११ सप्टेंबर १९७४ रोजी, तर अजय यांचा जन्म २१ ऑगस्ट १९७६ रोजी झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे बदल्या होत राहिल्या आणि भावंडांचे बालपण पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा गावांत गेले. शासकीय नोकरीतील बदली कुटुंबाला कष्टाची वाटते. परंतु दर काही वर्षांनी नवे गाव म्हणजे नवी जत्रा, नवे भजनी मंडळ, नवे गोंधळी असेही असते. देवळातले भजन, जागरण-गोंधळ, पोवाडे, तमाशाचा फड आणि शाळेचे बँडपथक ही या भावंडांची पहिली संगीतशाळा ठरली.

घरात संगीताची घराणेशाही नव्हती आणि शास्त्रोक्त तालीमही नव्हती. घरी वाद्य नसल्यामुळे ज्यांच्याकडे वाद्य असेल अशांशी ओळख वाढवून त्यावर हात बसविल्याचे या बंधूंनी मुलाखतींतून सांगितले आहे. दाक्षिणात्य संगीतकार इळैयराजा यांना ते आपले मोठे प्रेरणास्थान मानतात. इळैयराजा यांनी तमिळ खेड्यातील लोकधून आणि पाश्चात्त्य सिंफनीचा वाद्यमेळ यांना एकत्र नांदविले होते. पुढे गोगावले बंधूंनी मराठी मातीत जे केले, त्याचे बीज या ऐकण्यात आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कारकिर्दीचे टप्पे

*पहिला टप्पा (२००१ ते २००४) :* २००१ च्या सुमारास आलेल्या 'विश्वविनायक' या ध्वनिमुद्रिकेने ही जोडी प्रथम लक्षात आली. गणेशस्तुतीच्या संस्कृत रचनांना त्यांनी मोठ्या वाद्यमेळाची बैठक दिली आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम व शंकर महादेवन यांचे आवाज वापरले. २००२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या केदार शिंदे दिग्दर्शित 'सही रे सही' या नाटकाचे संगीत त्यांचे होते. २००४ मध्ये 'गायब' या चित्रपटाद्वारे ते हिंदीत गेले. त्याच वर्षी राजीव पाटील यांच्या 'सावरखेड : एक गाव' आणि केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' या मराठी चित्रपटांनी त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले. 'सावरखेड'मधील भवानीचा गोंधळ अजय यांनी स्वतः गायिला. शहरातील श्रोत्यांना गोंधळ हा प्रकार पूर्वी ठाऊक होता, परंतु तरुण मुले तो हौसेने म्हणू लागली ती या गाण्यानंतर.

*दुसरा टप्पा (२००६ ते २०१०) :* २००६ च्या 'जत्रा' चित्रपटातील 'कोंबडी पळाली' हे गाणे आनंद शिंदे व वैशाली सामंत यांच्या आवाजात गाजले. याच चालीवर २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' हे हिंदी गाणे बांधले गेले. एरवी मराठीने हिंदीकडून घ्यावे, असा प्रघात पडला होता. येथे प्रवाह उलटा वाहिला.

या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' (२००९). राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार असलेल्या या चित्रपटात यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगते-जोगतिणींचे जीवन येते. मनाविरुद्ध देवाला सोडलेल्या माणसाला प्रेम करण्याचा हक्क आहे काय, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. संजय कृष्णाजी पाटील यांच्या 'जीव रंगला' या गीतात हरिहरन व श्रेया घोषाल यांचे स्वर अत्यंत हळुवार आहेत, तर 'लल्लाटी भंडार' या गीतात अजय यांचा स्वर देवीपुढे फोडलेल्या हाकेसारखा येतो. एकाच चित्रपटातील ही दोन टोके कथेतील ताण स्पष्ट करतात. ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा, तर हरिहरन व श्रेया घोषाल यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला.

१ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेला रवी जाधव यांचा 'नटरंग' हा आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारित आहे. त्यातील 'अप्सरा आली', 'वाजले की बारा' या बेला शेंडे यांनी गायिलेल्या लावण्या आजही स्नेहसंमेलनांत सादर होतात. परंतु कथेचा गाभा 'खेळ मांडला' या अजय यांनी गायिलेल्या, गुरू ठाकूर यांच्या गीतात आहे. पैलवानी देहाचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि कलेपायी सर्वस्व गमावतो, त्या प्रसंगीचे हे मागणे आहे. मराठी विभागात 'नटरंग' ही कादंबरी शिकविताना हे गीत ऐकविल्यास विद्यार्थ्यांना नायकाची शोकात्मता अधिक लवकर उमजेल.

*तिसरा टप्पा (२०११ ते २०१६) :* 'सिंघम' (२०११) व 'अग्निपथ' (२०१२) यांमुळे ही जोडी हिंदीत स्थिरावली. 'अग्निपथ'मधील 'देवा श्री गणेशा' हे अजय यांच्या आवाजातील गाणे पुढे प्रत्येक गणेशोत्सवाचा भाग झाले. २०१४ च्या 'लई भारी'मधील 'माउली माउली' या गीताने वारीतील टाळ-मृदंगाचा गजर चित्रपटगृहात आणला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'साठी त्यांनी केलेले प्रसिद्धिगीतही अजय यांनीच गायिले.

२९ एप्रिल २०१६ रोजी मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. शंभर कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविणारा तो पहिला मराठी चित्रपट होय. त्यात केवळ चार गीते आहेत. 'याड लागलं' अजय यांचे, 'आताच बया का बावरलं' श्रेया घोषाल यांचे, 'सैराट झालं जी' चिन्मयी श्रीपाद व अजय यांचे आणि 'झिंगाट' अजय व अतुल या दोघांचे. या संगीतासाठी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. करमाळ्याच्या बोलीतील शब्द आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा हा मेळ केवळ श्रीमंती दाखविण्यासाठी नव्हता. खेड्यातल्या दोन मुलांच्या प्रेमाला पडद्यावर राजपुत्र-राजकन्येइतकेच भव्य संगीत मिळावे, हा त्यातील आशय होता. त्यामुळेच चित्रपटाच्या अखेरीस हे सारे संगीत थांबते आणि शांतता पसरते, तेव्हा प्रेक्षक हादरतो.

*चौथा टप्पा (२०१७ नंतर) :* 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' (२०१८) याही चित्रपटास त्यांचेच संगीत होते. 'पानिपत' (२०१९), 'झुंड', 'चंद्रमुखी' व 'वेड' (तिन्ही २०२२) हे त्यानंतरचे काही चित्रपट. २८ एप्रिल २०२३ रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या 'महाराष्ट्र शाहीर' या चित्रपटाचे संगीतही त्यांचे होते. ज्या शाहीर साबळे यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' रंगमंचावर आणली, त्यांच्या जीवनावरील चित्रपटाला त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी संगीत देणे, हे या जोडीच्या दृष्टीने एका अर्थी ऋण फेडण्यासारखे होते.

गायक अजय : स्वराचे स्वरूप

मराठी भावगीताने दीर्घकाळ मृदू, संयत, मध्य सप्तकात फिरणारा पुरुषी आवाज प्रमाण मानला. अजय यांचा आवाज त्या परंपरेतला नाही. तो उंच पट्टीत लागतो, गळा मोकळा सोडून येतो आणि त्यात किंचित खरखर आहे. ध्वनिक्षेपक नसताना मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचविणे ही शाहिराची व गोंधळ्याची गरज होती. त्या गरजेतूनच असा टिपेचा आवाज घडला. ध्वनिमुद्रणगृहात ती गरज उरली नाही, तरी त्या आवाजातील आर्तता मात्र टिकून राहिली. 'खेळ मांडला', 'लल्लाटी भंडार', 'माउली माउली' या तिन्ही गीतांत हा स्वर देवाशी बोलतो. त्यात विनवणी आहे तसेच भांडणही आहे. देवाला अरे-तुरे करण्याचा हा अधिकार संतांनी व लोककलावंतांनी मराठी माणसाला दिला आहे.

'याड लागलं'मध्ये हाच आवाज वेगळ्या कामी येतो. प्रेमाची कबुली देणारा मुलगा शहरी नाही, त्याची भाषा प्रमाण नाही आणि त्याचा आवाजही गुळगुळीत नाही. वर्गात प्रमाण भाषा येत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणारा विद्यार्थी हे गाणे ऐकून स्वतःला ओळखतो. या गाण्याच्या यशाचे हे एक कारण भाषेच्या प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

जोडनावातील व्यक्ती

भावंडांच्या जोडीचा अभ्यास करताना एक अडचण येते. चाल कोणी बांधली, वाद्यमेळ कोणी रचला, अशी फोड श्रेयनामावलीत नसते. राष्ट्रीय पुरस्कारही जोडीला मिळतो. त्यामुळे अजय यांचे स्वतंत्र कर्तृत्व निश्चितपणे दाखविता येते ते गायनात. कारण गाण्यापुढे गायकाचे नाव स्वतंत्र लिहिले जाते. परिणामी श्रोत्यांच्या मनात अजय म्हणजे आवाज आणि अतुल म्हणजे पडद्यामागचे संगीतकार अशी सोपी विभागणी झाली. परंतु 'झिंगाट'मध्ये अतुल यांचाही आवाज आहे आणि चालींवर दोघांचीही नाममुद्रा आहे, हे पाहता ही विभागणी टिकत नाही.

जगातील अनेक भावंडांच्या संचांत पुढे मत्सर व फूट दिसून आली. येथे दोन दशकांहून अधिक काळ एकच जोडनाव टिकले. एकत्र कुटुंबातील शेतीप्रमाणे सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावे असावीत आणि पीक एकच निघावे, असे या कामाचे स्वरूप आहे. अशा पिकात कोणाचा घाम किती, हे बाहेरच्याने मोजू नये. मात्र बी कोठून आले, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

लोकसंगीत आणि श्रेयाचा प्रश्न

या विवेचनातील कळीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. गोंधळ, जागरण, जोगवा, लावणी, भजन हे प्रकार कोणा एका व्यक्तीने निर्माण केलेले नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट समाजांनी सांभाळले. १९५७ चा प्रतिलिपी अधिकार कायदा ज्ञात कर्त्याचे रक्षण करतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क बळकट झाला. परंतु ज्याचा कर्ता अज्ञात आहे अशा परंपरागत रचनेला या कायद्यात मालक नसतो. 'पारंपरिक' एवढाच शब्द तिच्या वाट्याला येतो.

यात गोगावले बंधूंना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी बहुतांशी नव्या चाली रचल्या. लोकसंगीताकडून घेतला तो ढंग, ताल आणि गळा. ढंगावर मालकी सांगता येत नाही व सांगूही नये, कारण देवाणघेवाणीवाचून कोणतीही कला जगत नाही. शिवाय या गाण्यांमुळे संबळ, चौंडके, दिमडी, हलगी, तुणतुणे या वाद्यांचे ध्वनी नव्या पिढीच्या कानी पडले, ही जमेची बाजू मोठी आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गोंधळाचे गाणे ध्वनिक्षेपकावर मिळू लागले की गोंधळ्याला बोलावण्याची निकड कमी होते. ज्या परंपरेने गाण्याला बळ दिले, तिच्याच वाहकाचे आमंत्रण त्या गाण्यामुळे घटावे, हा विरोधाभास आहे. त्याचे उत्तर संगीतकाराकडे नाही आणि कायद्याकडेही पुरेसे नाही. काही अंशी ते शिक्षणसंस्थांकडे आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलढाणा जिल्हा वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेला आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते. सिंदखेडराजा येथे १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवात पोवाडे रंगतात. देऊळगावराजा व मेहकर येथील बालाजीची मंदिरे प्रसिद्ध आहेत. १४ एप्रिलला गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतात. म्हणजेच अजय गोगावले यांच्या बालपणाला जी सामग्री लाभली, तशी सामग्री येथेही उपलब्ध आहे. उणीव आहे ती तिच्या नोंदीची.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे काम सहज करता येईल. गावातील गोंधळी, वासुदेव, भारूडकार, भीमशाहीर, डफवादक यांची नावे, त्यांच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या रचना यांची सूची तयार व्हावी. साध्या भ्रमणध्वनीवरही आज चांगले ध्वनिमुद्रण होते. 'पारंपरिक' या शब्दामागे निदान एक गाव, एक घर आणि एक नाव उभे करणे एवढे या कामाचे स्वरूप आहे. ज्येष्ठ कलावंत थकत चालले असल्याने ते लांबणीवर टाकता येणार नाही.

निष्कर्ष

१) अजय गोगावले यांची जडणघडण शास्त्रोक्त तालमीऐवजी गावोगावच्या लोकसंगीताच्या श्रवणातून झाली. वडिलांच्या बदल्यांनी ती समृद्ध केली.

२) 'सावरखेड', 'जोगवा', 'नटरंग' व 'सैराट' या चित्रपटांच्या संगीतातून गोंधळ, जोगवा, लावणी व बोली यांना लोकप्रिय संगीतात मानाचे स्थान मिळाले.

३) भावंडांच्या जोडीत व्यक्तीचे कर्तृत्व वेगळे काढण्याचा आग्रह धरण्यापेक्षा सामाईक निर्मिती हेच एक मूल्य मानणे अधिक योग्य ठरते. अजय यांचे स्वतंत्र योगदान गायनात निःसंशय दिसते.

४) त्यांच्या उंच व मोकळ्या आवाजाने मराठी गाण्यातील 'चांगल्या आवाजा'ची कल्पना विस्तारली आणि बोली बोलणाऱ्या तरुणास आपलेपण दिले.

५) लोकप्रिय संगीतामुळे लोककलेचे ध्वनी टिकतात. लोककलावंत मात्र आपोआप टिकत नाहीत. त्यांची नोंद करणे ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे.

वरातीत 'झिंगाट' वाजते तेव्हा सारे गाव नाचते, हे आनंदाचेच आहे. त्याच वरातीच्या आदल्या रात्री मांडवात संबळ वाजविणाऱ्याचे नाव विद्यार्थ्यांना सांगता यावे, इतपत तयारी अध्यापकांनी केली, तर या अभ्यासाचे सार्थक होईल.